गावच्या वाचनालयाच्या बालविभागाचा इतिहास जुन्या दप्तरातून कसा उभा करायचा?

प्रश्न असा : सिंधुदुर्गातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाला पंचाहत्तर वर्षं होत आहेत आणि त्यानिमित्त स्मरणिका काढायची आहे. फलकावर 'स्थापना १९५१' आहे, एका जुन्या अहवालात १९५३ आहे, आणि गावातले वयस्कर लोक म्हणतात, 'त्याच्याही आधीपासून होतं.' कपाटात वीस-पंचवीस जुन्या वह्या आहेत, काहींना कसर लागलीय. साल कोणतं धरायचं आणि इतिहास लिहायचा कशावरून?

साल ठरवायची घाई करू नका. तिन्ही सालं खरी असू शकतात, कारण बालविभाग एकाच दिवशी जन्मत नाही. एक, कार्यकारिणीचा ठराव होतो. दोन, मुलांची पुस्तकं खरेदी होऊन दाखल होतात. तीन, पहिला बालसभासद वर्गणी किंवा अनामत भरतो. चार, मुलांसाठी वेगळं कपाट, बाक किंवा खोली मिळते. या चार गोष्टींत सहज दोन ते दहा वर्षांचं अंतर पडतं. पुष्कळ ठिकाणी पुस्तकं आधी येतात, मोठ्यांच्याच कपाटात खालच्या फळीवर राहतात, आणि ठराव नंतर होतो. उलटही होतं : ठराव थाटात होतो, पुढे तीन वर्षं एक पुस्तक येत नाही. स्मरणिकेत चारही तारखा द्या, कोणती कुठून मिळाली ते लिहा, आणि वर्धापनदिनासाठी ठरावाची तारीख धरा. फलक बदलायची गरज नाही.

या चार तारखा चार वेगवेगळ्या वह्यांत असतात, आणि बहुतेक स्मरणिका तिथेच फसतात. लोक फक्त इतिवृत्ताची वही, म्हणजे प्रोसिडिंग बुक, काढतात आणि त्यावरून अध्यक्ष-चिटणिसांची नामावळ छापतात. इतिवृत्तात मुलं जवळजवळ नसतातच. सापडली तर 'मुलें गलबला करितात, सबब बंदोबस्त व्हावा' अशा चालीच्या वाक्यात. मुलांचा इतिहास दाखल नोंदवहीत (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद), देवघेवीच्या वहीत, अनामतीच्या वहीत आणि डेडस्टॉकच्या, म्हणजे टिकाऊ सामानसुमानाच्या, वहीत पडलेला असतो. डेडस्टॉक कुणी उघडतच नाही. पण 'लहान बाक २, आंबा लाकूड' किंवा 'कॅरम बोर्ड १' ही नोंद तारखेसकट तिथेच मिळते, आणि तीच तुमची चौथी तारीख.

आता वह्या उघडण्याबद्दल. कोकणात हे काम पावसाळ्यात करू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सुरू करा. वही कपाटातून ओढून काढू नका. शेजारच्या दोन वह्या मागे ढकलून मधली दोन्ही बाजूंनी धरून काढा, नाहीतर पुठ्ठ्याचा कणा हातात येतो. तोंडाला फडकं बांधून, ओसरीवर, रंगकामाच्या मऊ कोरड्या ब्रशने धूळ बांधणीपासून बाहेरच्या बाजूला झाडा. ओलं फडकं अजिबात नको. त्या काळी शाईपेन्सिल सर्रास वापरत. कोरडी असताना ती साध्या शिसपेन्सिलीसारखी करडी दिसते, पाणी लागलं की जांभळी होऊन पसरते आणि अख्खी ओळ जाते. वही उन्हात वाळत घालू नका, शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. दमट वाटली तर पानं थोडी उघडी ठेवून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस ठेवा. बुरशी असेल तर ती वही वेगळी काढा, बाकीच्यांत मिसळू नका.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. वर्षा-दोन वर्षांत गोंद पिवळा पडतो, टेप सुटून येते आणि तिच्याबरोबर अक्षरंही येतात. लॅमिनेशनचं तर नावच काढू नका. फाटलेलं पान दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये तसंच ठेवा आणि काम झालं की वही धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात बांधा. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद 'रुमालां'त बांधलेले असतात ते काही उगाच नाही. लाल कापड दिसायला चांगलं, पण भिजलं की रंग सोडतं.

वाचायला बसण्याआधी प्रत्येक वहीचे फोटो काढा. खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाइल वहीला समांतर. दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या आणि वर फळी किंवा काच ठेवून मोबाइल त्यावर ठेवला की हात हलायचा प्रश्न मिटतो. आधी मुखपृष्ठ, मग प्रत्येक पान, कोरी पानंसुद्धा. कोरं पान म्हणजे कधीकधी बंद पडलेलं वर्ष असतं. फाइलला लगेच नाव द्या : 'दाखल-१-पान-०४३'. पानांना क्रमांक नसतील तर वरच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने हलके घाला. पेनने काहीही लिहायचं नाही, चूक दिसली तरी दुरुस्त करायची नाही.

दाखल नोंदवही वाचणं हे या कामाचं पोट आहे. रकाने साधारण असे : दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत, कोणाकडून, बिल क्रमांक, वर्गांक, शेरा. सगळ्यात जास्त बोलतात शेवटून चौथा आणि शेवटचा रकाना. 'कोणाकडून' यात दुकानदाराचं नाव, 'भेट' किंवा 'शासन' असतं. 'शेरा' यात 'गहाळ', 'जीर्ण, बाद', 'किंमत वसूल'. समजा एका पानावर लागोपाठ अठरा नोंदी एकाच तारखेच्या, सगळ्या मुलांच्या, किमती ०-४-० ते ०-१२-० (रुपये-आणे-पै), आणि 'कोणाकडून' मध्ये 'मुंबई मंडळ'. एवढ्या एका पानावर तीन गोष्टी कळल्या : पुस्तकं मुंबईतल्या गाववाल्यांनी पाठवली, किमती आण्यांत आहेत म्हणजे छपाई बहुधा १९५७ पूर्वीची, आणि बालविभागाची दुसरी तारीख मिळाली. मग त्याच अठरा क्रमांकांचे शेरे वाचा. अठरापैकी बारा 'जीर्ण, बाद' असतील तर ती पुस्तकं मुलांनी फाटेपर्यंत वाचली. एकालाही शेरा नसेल आणि पुस्तकं आजही कोरी करकरीत असतील, तर ती कुलपात राहिली. बालविभागात फाटकं पुस्तक हा चांगला पुरावा आहे.

मोजणीत हमखास होणाऱ्या चुका अशा. शेवटचा दाखल क्रमांक म्हणजे ग्रंथसंख्या नव्हे, त्यातून बाद आणि गहाळ वजा करावे लागतात. मुलांच्या पुस्तकांना काही ठिकाणी 'बा. १' पासून क्रमांकांची वेगळी माळ असते, काही ठिकाणी ती मोठ्यांच्याच माळेत असतात, आणि मधल्या एखाद्या वर्षी पद्धत बदललेली असते. त्यामुळे तेच पुस्तक दोनदा मोजलं जातं. फेरदाखल हा तिसरा सापळा. नवीन ग्रंथपाल आला की जुनी वही बंद करून उरलेली पुस्तकं नव्या वहीत पहिल्यापासून चढवतो. मग त्या एका वर्षात दोन हजार पुस्तकं 'आली' असं दिसतं. ओळखायची खूण सोपी : त्या नोंदींना बिल क्रमांक नसतो आणि अक्षर, शाई सलग एकच असते. चौथा सापळा १९७२ नंतरच्या उडीचा. त्या वर्षी कोलकात्याला राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापन झालं आणि त्यांच्या योजनेतली पुस्तकं गठ्ठ्याने येऊ लागली. आकडा वाढतो, पण निवड गावाची नसते. खरेदी, भेट आणि शासकीय असे तीन आकडे वेगळे ठेवा. प्रत्येक वर्ष मोजत बसू नका, दर पाचव्या वर्षाची पानं मोजलीत तरी चित्र उभं राहतं.

देवघेवीच्या वहीचंही तसंच. दरवर्षी फक्त तीन आठवडे घ्या : जुलैतला एक, दिवाळीच्या सुट्टीतला एक, मे महिन्यातला एक. एकट्या मे महिन्यावरून सरासरी काढलीत तर ती फुगते, कारण मुंबईहून आलेली मुलं सुट्टीपुरती वाचून जातात. कोकणातल्या वाचनालयांत हा फरक इतका मोठा असतो की सुट्टीचे बालवाचक आणि गावचे बालवाचक असे दोन आलेखच काढावेत.

वार्षिक अहवालातल्या उपस्थितीच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. १९७० च्या नियमांनी अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग आले. त्यानंतर अहवालातले आकडे दर्जावाढीकडे डोळा ठेवूनही लिहिले जाऊ लागले. बारा महिने बालवाचकांची संख्या तीच, किंवा प्रत्येक आकडा पाचाने-दहाने भाग जाणारा, असं दिसलं की तो आकडा खोलीत नव्हे, टेबलावर तयार झालाय असं समजा आणि देवघेवीशी ताडून बघा. जुळत नसेल तर दोन्ही आकडे छापा. २०१२ साली महसूल खात्यामार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली होती. तिचा अहवाल तुमच्या फाइलला असेल तर तो बाहेरच्या माणसाने प्रत्यक्ष येऊन केलेली मोजणी म्हणून वेगळा वापरा.

तारीख नसलेल्या कागदांचं काय? बाहेरच्या ठाऊक तारखांवरून हद्दी आखता येतात. रुपये-आणे-पै गेले १ एप्रिल १९५७ ला, आणि 'नये पैसे' मधलं 'नये' गेलं १ जून १९६४ ला. पण जुन्या हातांनी त्यानंतरही आणे लिहिले आहेत, म्हणून एका नोंदीवर विसंबू नका, पानभर बघा. '०-१२-०' म्हणजे बारा आणे, बारा पैसे नव्हेत. टंकताना ही चूक इतकी होते की किमतींची सरासरीच बिघडते. शिक्क्यावर पिनकोड असेल तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'जि. सिंधुदुर्ग' असेल तर १ मे १९८१ नंतरचा, त्याआधी तुम्ही 'जि. रत्नागिरी'. 'सावंतवाडी संस्थान' असा शिक्का सापडला तर तो बहुधा १९४८ च्या विलीनीकरणापूर्वी बनवलेला, आणि मग वयस्करांचं 'त्याच्याही आधीपासून' हे म्हणणं नीट तपासायला हवं. मात्र शिक्का फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतो. 'जि. रत्नागिरी'चा रबरी शिक्का जिल्हा बदलल्यावरही झिजेपर्यंत वापरला गेला असेल. नवा शिक्का जुन्या पुस्तकावरही मारतात. म्हणून गुप्त पानावरचा शिक्का बघा. पुष्कळ वाचनालयं एक ठरावीक पान, समजा १७ वं, धरून त्यावर शिक्का आणि दाखल क्रमांक घालत. पहिलं पान फाटलं तरी ते राहतं, आणि पुस्तक पहिल्यांदा दाखल झालं तेव्हाचा शिक्का तिथे असतो.

तारीख शके सालात असेल तर चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. शके १८७४ चा माघ म्हणजे १९५३ चा जानेवारी-फेब्रुवारी, १९५२ चा नव्हे. तुमच्या १९५१ आणि १९५३ मधला गोंधळ यातून निम्मा सुटू शकतो. बाकीचा निम्मा हिशेबाच्या वर्षातून : काही संस्था दिवाळीच्या पाडव्यापासून वर्ष धरत, काही जानेवारीपासून, काही एप्रिलपासून. 'सन १९५२ चा अहवाल' म्हणजे नेमके कोणते बारा महिने, हे रोजकीर्दीतली, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतली, पहिली आणि शेवटची नोंद बघून ठरवा. रोजकीर्द मोडीत असेल तर मोडी वाचणारा गाठा, अंदाजाने वाचू नका. (मराठवाड्यातल्या वाचनालयांना वेगळा ताप : तिथे १९४८ पूर्वीच्या वह्यांत फसली साल, म्हणजे निजामाच्या राज्यातली कालगणना, आणि हाली शिक्का, म्हणजे निजामाचा रुपया, असतो. फसली सालात ५९०, जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवा. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये.)

शुद्धलेखनावरूनही अंदाज येतो. 'मुलांचीं पुस्तकें' मधले अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेले. पण त्या आधी शिकलेल्या चिटणिसाने ते सत्तरीतही घातले असतील. हा पुरावा जोडीला घ्यायचा, एकट्याने नाही.

आठवणी तपासायला मासिकं फार उपयोगी. 'आनंद' वा. गो. आपट्यांनी १९०६ ला सुरू केलं, मराठी 'चांदोबा' १९५२ चा, 'किशोर'चा पहिला अंक नोव्हेंबर १९७१ चा. तेव्हा 'पासष्ट साली आम्ही इथे किशोर वाचायचो' असं कुणी म्हणालं तर आठवण खोटी नाही, साल चुकलंय. वाचनालयाला साने गुरुजींचं नाव असेल तर ते बहुधा ११ जून १९५० नंतर दिलेलं आहे. गुरुजी गेल्यावर अशी नावं गावोगाव दिली गेली.

मुलाखतीत 'आठवणी सांगा' म्हणू नका. सत्कारात बोलतात तसं भाषण मिळतं. हातात जुनं पुस्तक द्या आणि लहान प्रश्न विचारा. कपाटाला कुलूप असायचं का? पुस्तक स्वतः काढायला मिळायचं की खिडकीतून मागायचं? दंड किती होता? मुली कुठे बसायच्या? चपला कुठे काढायच्या? कुलूप आणि खिडकी यांचं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं. बंद कपाट उघडं झालं ते वर्ष सापडलं तर तुमच्या बालविभागाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल सापडला, आणि तो इतिवृत्तात बहुधा नसतो. साल आठवत नसेल तर ठाऊक घटनेला बांधा : कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, गावात वीज आली तेव्हा. तीच गोष्ट दोन माणसांनी स्वतंत्रपणे सांगेपर्यंत ती 'सांगतात' या क्रियापदानेच लिहा.

मुलींबद्दल एक सावधगिरी. सभासदांच्या वहीत त्यांची नावं कमी दिसली म्हणून 'मुली वाचत नव्हत्या' असं लिहू नका. घरात एकच कार्ड असायचं आणि ते भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर. देवघेवीतल्या सह्या बघा. एकाच क्रमांकापुढे दोन-तीन वेगळी हस्ताक्षरं दिसतात. तसंच वाड्यांचं. सभासदांचे पत्ते वाडीनुसार मांडा आणि कोणत्या वाडीतून वर्षानुवर्षं एकही मूल आलं नाही ते बघा. अंतर हे कारण आहे की जात, याचं उत्तर नोंदवही देणार नाही, ते त्या वाडीत जाऊन विचारावं लागेल. स्मरणिकेत ही जागा टाळण्याची प्रथा आहे. टाळू नका.

अनामतीची वही शेवटी वाचतात, ती आधी वाचायला हवी. परत न नेलेल्या अनामती एका यादीत काढा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची अनामत जून-जुलैत पडून राहिली, म्हणजे बहुधा तो मॅट्रिक होऊन, नाहीतर नापास होऊन, मुंबईला गेला. या एका यादीवरून गावाच्या स्थलांतराचा अंदाज येतो. मात्र नावं छापू नका. अनामत बुडाल्याची, दंडाची, पुस्तक हरवल्याची नोंद कुणाच्या तरी आजोबांची असते. संख्या द्या, नाव द्यायचं तर घरच्यांना विचारून.

वाचनालयाबाहेर पाच ठिकाणी जा. सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून शेड्यूल-वनचा (विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा) उतारा आणि जुने चेंज रिपोर्ट (बदल कळवणारे अर्ज), यातून विश्वस्त आणि इमारत यांच्या पक्क्या तारखा मिळतात. नोंदणीची तारीख म्हणजे स्थापना नव्हे, हे विसरू नका. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाच १९५० चा आहे, त्याआधीच्या संस्थाही त्यानंतर नोंदल्या गेल्या. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे मान्यतेची फाइल आणि तपासणी अहवाल. ग्रामपंचायतीत नमुना ८ (इमारतींच्या कर-आकारणीची नोंद) आणि देणगीचे ठराव. प्राथमिक शाळेचं लॉगबुक, कारण कित्येक गावांत बालविभाग शाळेच्या पेटीतल्या पुस्तकांवरच उभा राहिला आणि दोन्हींची पुस्तकं एकमेकांत मिसळली. पाचवं ठिकाण मुंबईत : ग्रामस्थ मंडळाचं दप्तर. गाववाल्यांच्या खोलीतल्या ट्रंकेत जमाखर्चाची वही असते आणि तिच्यात 'वाचनालयास पुस्तके' अशी रक्कम. ती तुमच्या दाखल नोंदवहीशी जुळली की दोन्ही नोंदी पक्क्या. व्हाउचर फाइलमध्ये बोटीचं भाडं किंवा एसटीची पार्सल पावती मिळाली तर पुस्तकं कोणत्या वाटेने आली तेही कळेल.

मुखपृष्ठ नसलेलं जुनं पुस्तक ओळखायला शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' वापरा. तिचे दोन भाग १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० इतका काळ व्यापतात. पानांची संख्या आणि आकार जुळवले की बहुतेक वेळा पुस्तक सापडतं.

लिहिताना अध्यक्षांच्या कारकिर्दीवरून प्रकरणं पाडू नका. पुस्तकं कुठे होती त्यावरून पाडा : पेटीत, मोठ्यांच्या कपाटात, स्वतःच्या कपाटात, उघड्या फळीवर. प्रत्येक विधानापुढे कंसात वहीचं नाव आणि पान. सामान्य वाचकाला ते खटकत नाही, आणि शताब्दीला जो लिहील त्याची सहा महिन्यांची मेहनत वाचते. संगणकीकरण झालं म्हणून मूळ वह्या रद्दीत घालायचा ठराव कुणी आणला तर तो अडवा. संगणकात 'शेरा' रकाना बहुतेक चढवलेलाच नसतो. फोटोंच्या तीन प्रती करा : एक वाचनालयात, एक मुंबई मंडळाकडे, एक जिल्हा ग्रंथालयात. आणि छापलेल्या स्मरणिकेच्या दोन प्रती दाखल करून घ्या. त्यातली एक संदर्भात ठेवा, कारण देवघेवीत गेलेली स्मरणिका परत येत नाही.